खिडकीतून आलेली बुरशी

विज्ञान दिनाच्या वक्तृत्व स्पर्धांत तीन गोष्टी हमखास ऐकू येतात : न्यूटनचे सफरचंद, आर्किमिडीजचे स्नान आणि फ्लेमिंगची बुरशी. पहिल्या दोन दंतकथेच्या खात्यात टाकून सोडून देता येतात. तिसरी मात्र खरोखर घडलेली आहे, तिच्यामुळे असंख्य माणसे वाचली आहेत, आणि ‘योगायोगाने लागलेला शोध’ म्हटले की आपण शिक्षक पहिल्यांदा तिचेच नाव घेतो. म्हणून ती कशी सांगितली जाते हे एकदा तपासून पाहावे, असे आम्हांला वाटते.

नेहमीची मांडणी साधारण अशी असते. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातले अलेक्झांडर फ्लेमिंग सुटीवर गेले. जंतू वाढवलेल्या काचेच्या बश्या टेबलावर तशाच राहिल्या. खिडकी उघडी होती. बुरशीचा एक बीजाणू वाऱ्याबरोबर आत आला, एका बशीवर पडला आणि आसपासचे जंतू मरून गेले. ३ सप्टेंबर १९२८ रोजी फ्लेमिंग परतले, त्यांनी ते पाहिले, आणि पेनिसिलिन सापडले. वक्ता पाचवीतला असो की बारावीतला, पाच-सहा वाक्यांत शोध पूर्ण होतो आणि टाळ्या पडतात.

यातली मधली पायरी शास्त्रदृष्ट्याच लंगडी आहे. जंतूची पेशीभित्ती बांधली जात असताना पेनिसिलिन त्या बांधकामात अडथळा आणते. म्हणजे ते वाढत्या जंतूंवर चालते; वाढ पुरी होऊन थांबलेल्या वसाहतींवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. जंतूंनी आधीच भरलेल्या बशीवर मागाहून बुरशी टाकली, तर जंतू आपल्या जागी सुखाने राहतात. फ्लेमिंग यांच्याच विभागात एके काळी काम केलेले रोनाल्ड हेअर यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिले. गोष्टीत सांगतात तशा क्रमाने प्रयोग केला, तर गोष्टीत सांगतात ते घडत नाही.

मग ती बशी तयार तरी कशी झाली? हेअर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द बर्थ ऑफ पेनिसिलिन’ या पुस्तकात याचा मोठा रंजक छडा लावला आहे. बुरशी आधी वाढायला हवी आणि जंतू नंतर. ही बुरशी २० अंश सेल्सिअसच्या आसपास चांगली वाढते, तर फ्लेमिंग ज्यांवर काम करत होते त्या स्टॅफिलोकॉकस जंतूंना शरीराएवढी ऊब, म्हणजे ३७ अंश, मानवते. तेव्हा बशी उबवणपेटीत न जाता बाहेरच राहिली असणार, आणि सुरुवातीचे काही दिवस थंडीचे असणार. हेअर यांनी लंडनच्या हवामानाच्या जुन्या नोंदी काढल्या. २८ जुलै १९२८ पासून सुमारे नऊ दिवस शहरात ऐन उन्हाळ्यात गारवा होता. त्यानंतर पारा चढला. आधी बुरशीला सोयीचे दिवस, मग जंतूंना सोयीचे. खिडकीवरही त्यांचा विश्वास नाही. खालच्याच मजल्यावर ला टूश नावाचे बुरशीतज्ज्ञ दमेकऱ्यांच्या घरांतल्या बुरशा गोळा करून वाढवत होते. बीजाणू तिथूनच जिन्याने वर आला असावा, असा त्यांचा कयास आहे.

पुस्तक उत्तम आहे, तरी त्याच्या एका परिणामाबद्दल आमची तक्रार आहे. हेअर योगायोगांची अशी रास रचतात की वाचणारा दिपून जातो : नेमकी तीच बुरशी, नेमका तोच गारवा, उबवणपेटीत न गेलेली नेमकी तीच बशी, आणि धुण्यासाठी जंतुनाशकात बुडवलेल्या बश्यांच्या ढिगात द्रवाच्या वर राहिलेलीही तीच. शोध म्हणजे कोट्यवधींत एकाला लागणारी लॉटरी, एवढेच मनावर ठसते. लॉटरीच्या तिकिटावर कोणता शिक्षक पाठ घेणार?

हे सारे दुर्मिळ होते, हे खरे. पण बुरशी लागलेल्या बश्या दुर्मिळ नव्हत्या. जंतुशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत त्या रोज निघत आणि ‘खराब झाली’ म्हणून टाकल्या जात. फ्लेमिंग यांची ख्याती अशी, की ते बश्या दोन-तीन आठवडे टेबलावर राहू देत आणि फेकण्याआधी एकदा पाहत. १९२१ साली याच सवयीने त्यांना लायसोझाइम मिळाले होते. सर्दी झालेल्या नाकातला शेंबूड बशीवर घातला होता आणि त्याच्या भोवतीच्या जंतूंच्या वसाहती विरघळल्या होत्या. १९२८ च्या बशीवर जे दिसले त्यासारखे काही त्यांनी सात वर्षांपूर्वी पाहिलेले होते. रूट-बर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासकाने तर १९८९ मध्ये असा तर्क मांडला, की फ्लेमिंग लायसोझाइमसारखे काही देणारी बुरशी मुद्दामच शोधत असावेत. तर्क सिद्ध झालेला नाही आणि आम्हांला तो थोडा ताणलेला वाटतो. पण बीजाणू रिकाम्या डोक्याच्या माणसाच्या टेबलावर उतरला नव्हता, एवढे तो चांगले दाखवतो.

खुद्द फ्लेमिंग यांचा १९२९ चा शोधनिबंध काय सांगतो? तो वाचताना दोन गोष्टी खटकतात. बश्या टेबलावर बाजूला ठेवल्या होत्या, तपासताना त्यांना हवा लागली, त्यात बाहेरचे सूक्ष्मजीव शिरले, आणि एका मोठ्या बुरशीभोवतीच्या वसाहती पारदर्शक होत गेल्या, एवढ्यावर योगायोगाचे काम उरकले आहे. बशी उबेत होती की बाहेर, किती दिवस, याचा पत्ता नाही. ज्याला तो प्रयोग पुन्हा करायचा आहे त्याच्या हाती काही लागत नाही. चाळीस वर्षांनी हेअर यांना हवामानखात्याच्या नोंदी चाळाव्या लागल्या त्या यामुळे. दुसरे म्हणजे, फ्लेमिंग यांच्या वह्यांत या विषयाची पहिली नोंद ३० ऑक्टोबर १९२८ ची आहे. ३ सप्टेंबरला काय दिसले याची त्या दिवशीची नोंदच नाही. आपण वर्गात तारखेसह जे छातीठोकपणे सांगतो ते मागाहून, आठवणींवरून रचलेले आहे.

निबंधाचा पुढचा भाग मात्र भक्कम आहे. कोणत्या जंतूंवर हा रस चालतो आणि कोणत्यांवर नाही, किती पातळ केला तरी चालतो (स्टॅफिलोकॉकसच्या बाबतीत आठशे पट पातळ केला तरी), हे सारे त्यात मोजून दिले आहे. पाच-सहा वाक्यांच्या गोष्टीत नेमका हाच भाग गळतो.

आणि त्यापुढची बारा वर्षेही गळतात. क्रॅडॉक आणि रिडली या सहायकांनी रस शुद्ध करण्याची खटपट केली, पदार्थ टिकेना. काम मागे पडले. पुढे ऑक्सफर्डला अर्न्स्ट चेन यांनी ग्रंथालयात जुने निबंध वाचताना फ्लेमिंग यांचा निबंध उचलला. हॉवर्ड फ्लोरी, चेन, नॉर्मन हीटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदार्थ वेगळा काढला. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना मारक जंतू टोचले, चौघांना पेनिसिलिन दिले. ते चार जगले, बाकीचे चार मेले. इथेही दैव होतेच. उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर औषधानेच ते दगावण्याचा धोका होता, कारण पेनिसिलिन त्या प्राण्याला सोसत नाही. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळून दिले गेले, पण वक्तृत्व स्पर्धेत तीन नावे आम्ही तरी क्वचितच ऐकली आहेत.

या कथेतला सर्वांत शिकवण्याजोगा भाग त्यानंतरचा आहे, असे आमचे मत. औषध पुरेसे मिळत नव्हते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेने मक्याच्या स्टार्च-कारखान्यातून उरणारे मळीसारखे पाणी बुरशीला खाऊ घातले आणि उत्पादन कितीतरी पटींनी वाढवले. शिवाय तिथल्या लोकांनी योगायोगाची वाट पाहणे सोडून त्याला आमंत्रणेच धाडली. ठिकठिकाणची माती आणि नासकी फळे गोळा करून त्यांवरच्या बुरशा तपासल्या. १९४३ मध्ये गावच्या बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर फ्लेमिंग यांच्या बुरशीपेक्षा पुष्कळ अधिक पेनिसिलिन देणारी बुरशी मिळाली. पुढे अन्य प्रयोगशाळांनी तिच्यावर क्ष-किरण आणि अतिनील किरण सोडले. किरणांनी आनुवंशिक द्रव्यात कुठे, कोणता बदल होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. बहुतेक बदल निरुपयोगीच निघणार होते. पण हजारो बुरशा तपासायची तयारी असली की एखादी वरचढ सापडते. कोणता फासा चांगला पडेल हे सांगता येत नसेल, तर फासे पुष्कळ टाकावेत आणि प्रत्येक मोजावा, अशी ही पद्धत.

आपल्या दाराशीही हे घडलेले आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो पेनिसिलिन बनवण्यासाठी. तिथे एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीचे नमुने तपासण्याचे काम चालवले. पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून त्यांना बुरशीनाशक हॅमायसिन मिळाले. त्या सूक्ष्मजीवाच्या नावात पिंपरी आहे आणि औषधाच्या नावात कारखाना. पुणे जिल्ह्यातल्या शाळेत फ्लेमिंग शिकवताना हे सांगितले जात नसेल, तर ती चुकामूक अनाकलनीय आहे.

आता आपल्या प्रात्यक्षिकांकडे वळू. धड्यातून आपण कष्ट वगळतो. प्रयोगातून योगायोग वगळतो. लंबकाचा प्रयोग घ्या. लांबी १०० सेंटिमीटर, २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद, गुरुत्वत्वरण ९.८ च्या जवळ. एखादी मुलगी गोळा फार बाजूला, समजा ६० अंशांपर्यंत, ओढून सोडते. तिला ४२ सेकंद मिळतात आणि उत्तर ९ च्या खाली जाते. “चुकले, पुन्हा घे,” असे आपण म्हणतो, किंवा ती शेजारच्या जर्नलमधून ४० उतरवते. तिच्या हाती लागले होते ते असे, की आवर्तकाल आंदोलनाच्या विस्तारावर अवलंबून नसतो हे विधान फक्त लहान विस्तारांपुरतेच खरे आहे. ६० अंशांना तो सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, आणि गोळा हवेत हळूहळू मंदावत असल्याने २० आंदोलनांत त्याहून थोडा कमी फरक दिसतो. अकरावीच्या पुस्तकात लहान अक्षरांत असलेली ही अट तिने घड्याळाने शोधली होती, आणि आपण ती खोडरबराने पुसली.

प्रत्येक वेगळे वाचन शोध असतो असे नाही. बहुतेकदा घड्याळ उशिरा दाबलेले असते. पण हे ठरवायचे कसे? पुन्हा मोजून, विस्तार मुद्दाम बदलून, शेजाऱ्याला मोजायला सांगून. हाच तर प्रयोग. वाचन आधीच खोडले तर ठरवण्यासारखे काही उरत नाही.

आमची सूचना साधी आहे. जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगानंतर अर्धे पान कोरे ठेवावे, आणि अपेक्षेबाहेर जे दिसले ते त्याच दिवशी, तारखेनिशी तिथे लिहावे : खोलीत ऊन होते की पंखा चालू होता, दोरा सुती होता की नायलॉनचा. फ्लेमिंग यांच्या वहीत जे सापडत नाही ते निदान आठवीच्या वहीत सापडावे. या अर्ध्या पानाला गुण द्यावेत का, असे काही शिक्षक विचारतील. आमचे उत्तर नाही असे आहे. गुण ठेवले, की मुले योगायोगही आदल्या रात्री शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून आणतील.