आभार आणि तक्रार : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

रायपूरहून नागपूरकडे निघालेली गाडी तासाभरात राजनांदगावला पोहोचते. मराठी साहित्याच्या इतिहासात या स्टेशनाला एक जागा आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला चालले होते. त्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. देवाच्या विश्वासूपणाची साक्ष द्यायची तर याहून नेटकी गोष्ट मिळणे कठीण. भेट, भाकीत, पूर्तता आणि शेवटी आभार, असे सगळे तिच्यात आहे.

मात्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हीच तारीख घरातून दिसते, आणि घरातून ती पूर्तता नाही, कोसळणे आहे. नवरा ख्रिस्ती झाला, बायको आणि मूल मागे राहिले. सुमारे पाच वर्षांची ताटातूट झाली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ईश्वराच्या विश्वासूपणाबद्दलचे मराठीतले सर्वांत खरे पुस्तक मी याला म्हणतो. ते असे का, हे सांगताना त्या पुस्तकात आभाराचे शब्द किती थोडे आहेत, याकडे आधी पाहावे लागते.

चर्चमधल्या साक्षीचा एक ठरलेला घाट असतो. रायपूरच्या हिंदी उपासनेत काय आणि नगर-नाशिकच्या मराठी उपासनेत काय, तो फारसा बदलत नाही. आजारपण, नोकरी, मुलीचे लग्न, मुलाचे व्यसन : संकट आले, प्रार्थना केली, देवाने ऐकले, धन्यवाद. या घाटात सच्चेपणा नसतो असे नाही. पण शेवट आधीच ठरलेला असल्यामुळे मधली वर्षे आक्रसतात. नवरा सुधारला म्हणून उभी राहणारी बाई आधीची दहा वर्षे एका वाक्यात उरकते. आणि साक्ष ऐकणाऱ्यांनाही ती तेवढ्यातच उरकलेली हवी असतात.

लक्ष्मीबाई ती उरकत नाहीत. त्यांचे टिळक थोर कवी आहेत, भक्त आहेत, उदार आहेत. ते शीघ्रकोपी, लहरी आणि घरखर्चाच्या बाबतीत बेभरवशाचेही आहेत. दुसऱ्याला देताना घरात काय शिल्लक आहे, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. त्यांच्या उदारपणाचा हिशेब बायकोला चुलीपाशी चुकवावा लागतो, आणि ती तो हिशेब हसत हसत, पण पुरता लिहून ठेवते. ज्या माणसामुळे ती देवापर्यंत पोहोचली, त्याच्या भरवशावर महिना काढणे अवघड होते, ही विसंगती या पुस्तकाने लपवलेली नाही.

येथे भाषांतरकार म्हणून मला ‘विश्वासू’ या शब्दाशी अडायला होते. हिंदी बायबलमधला ‘विश्वासयोग्य’ थोडा सरकारी वाटतो. मराठीतल्या ‘विश्वासू’ला जुन्या नोकराचा वास आहे, आणि अर्जाच्या तळाशी ‘आपला विश्वासू’ लिहून आपण तो पुरता झिजवला आहे. मूळ हिब्रूतला ‘एमूना’ मात्र अंगमेहनतीचा शब्द आहे. निर्गमच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना मोशेचे हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले, त्या स्थिरपणासाठी हाच शब्द येतो. आणि ते हात आपोआप स्थिर राहिलेले नाहीत. ते थकले होते. अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवले होते.

‘स्मृतिचित्रे’मधला देवाचा विश्वासूपणा असाच धरून ठेवलेला आहे. धरणारे हात मात्र नेहमी चर्चमधले नाहीत. ताटातुटीच्या काळात बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी लक्ष्मीबाईंना आधार दिला. ते हिंदूच होते आणि हिंदूच राहिले. साक्षीच्या घाटात अशी माणसे ‘आधीच्या’ आयुष्यात टाकली जातात, मागे सोडून यायच्या अंधारात. लक्ष्मीबाई त्यांना नावानिशी, मायेने उजेडात ठेवतात. मीठ-साखरदेखील धुऊन घेणाऱ्या सोवळ्या वडिलांच्या घरातली ही बाई, जात देवाने केलेली नाही हे उमगल्यावर कुणाच्याही हातचे पाणी पिऊ लागते. पण ज्यांना तसे उमगले नाही, त्यांचे ऋण ती नाकारत नाही.

पुस्तकाच्या दोन इंग्रजी भाषांतरांची शीर्षके शेजारी ठेवून पाहावीत. जोसेफाइन इंकस्टर यांचे ‘आय फॉलो आफ्टर’ १९५० सालचे. त्यात पौलाच्या पत्राचा सूर आहे, आणि नवऱ्यामागून चालणारी बायकोही आहे. शांता गोखले यांच्या २०१७ सालच्या भाषांतराच्या उपशीर्षकात ती तेजस्वी, बाणेदार पत्नी होते. एकात अनुयायी, दुसऱ्यात मानिनी. आपले वाचनही असेच विभागलेले आहे. चर्चमध्ये हे धर्मांतराचे पुस्तक म्हणून वाचतात, चर्चबाहेर मिश्किल संसारकथा म्हणून. पहिल्या वाचनात तक्रार गळते, दुसऱ्यात प्रार्थना. मूळ मराठी शीर्षक यांपैकी काहीच ठरवून देत नाही, फक्त आठवणींची चित्रे पुढे ठेवते.

एक आक्षेप नोंदवायला हवा. लक्ष्मीबाईंचा विनोद काही ठिकाणी दुःखावर फार लवकर पांघरूण घालतो. वाचक हसतो आणि पान उलटतो. त्या हसण्याची किंमत किती होती, हे विचारायचे राहून जाते. पण हा दोष बराचसा आपल्या वाचनाचाही आहे.

टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांनीच अक्षरओळख करून दिलेल्या, शाळा न पाहिलेल्या बाईने. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. नवऱ्याचे महाकाव्य पुरे करणे आणि त्याचे दोष लिहून ठेवणे, ही दोन्ही कामे तिने केली. एकीत निष्ठा आणि दुसरीत बंड, असे मला वाटत नाही. ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्यासमोरच माणूस पूर्ण खरे बोलतो. सांभाळले गेलो, असे म्हणायचे तर काय काय सोसावे लागले आणि कुणी कुणी हात धरला, हे सांगावेच लागते. तेवढे सांगितल्यावर आभाराचा वेगळा शब्द नसला, तरी चालते.