‘स्थलांतर’ आणि ‘जगायला जाणे’ : गरजनोंदीचा भाषिक विचार

संगणकप्रणाली रचण्यापूर्वी तिच्याकडून कोणते काम व्हावयाचे आहे हे संबंधितांना विचारून लिहून घ्यावे, आणि ते लेखन त्यांच्यासमोर ठेवून पडताळावे, हा या शास्त्राचा पहिला पाठ होय. बॅरी बोएम यांनी पडताळणीचे दोन प्रश्न वेगळे केले : वस्तू लिहिल्याप्रमाणे होत आहे काय, आणि मुळात योग्य वस्तू होत आहे काय. पहिल्यास कागद पुरतो; दुसऱ्यास माणूस लागतो, आणि माणूस आपल्या बोलीत बोलतो.

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळच्या परिसराचे उदाहरण घ्यावे. भातकापणी व दिवाळी आटोपली की या भागातील अनेक आदिवासी कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. आहाराची नोंद गावच्या अंगणवाडीत राहते. मूल भट्टीवर असते. ही तूट भरून काढण्यासाठी राज्य शासनाने २०२१ च्या अखेरीस ‘मायग्रेशन ट्रॅकिंग सिस्टिम’ प्रायोगिक रूपाने सहा जिल्ह्यांत आणली. पालघर त्यांपैकी एक होता. हेतू निर्विवाद स्तुत्य आहे. प्रश्न शब्दाचा आहे.

‘स्थलांतर’ या शब्दात एक स्थान सोडणे व दुसरे धरणे गृहीत आहे. या भागातील लोक मात्र ‘जगायला जाणे’ म्हणतात. या प्रयोगात स्थळ नाही, प्रयोजन आहे. घर, शेत व शिधापत्रिका गावीच राहतात. तेव्हा ‘स्थलांतर केले काय?’ या प्रश्नास ‘नाही’ हे प्रामाणिक उत्तर संभवते. अशी नोंद कागदाशी जुळते, म्हणून निर्दोष ठरते. आणि मूल गणनेबाहेर राहते.

केवळ भाषांतराने हा दोष जात नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. हलक्या प्रतीच्या यंत्रांइतकीच केंद्राच्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये मराठी नसल्याचीही त्यांची तक्रार होती. पुढे त्यात मराठीची सोय झाली, हे योग्यच झाले. तथापि पडद्यावरील इंग्रजी शब्द मराठीत आणणे वेगळे, आणि बोलणाऱ्याची कल्पना मुळात नोंदणे वेगळे.

हा भेद भाषाशास्त्रास अपरिचित नाही. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात प्रत्येक बोलीतून उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर मागविले. पण त्याबरोबर त्या बोलीतील एखादे स्वतंत्र कथनही मागविले. भाषांतरामुळे तुलना साधते. बोलीत काय आहे, हे स्वतंत्र कथनातूनच कळते. गरजनोंदीचे प्रचलित तंत्र बहुधा पहिल्या नमुन्यावरच थांबते : प्रश्न तयार, रकाने तयार, उत्तर तेवढे भरावयाचे. सेविकेला व मातेला आधी मोकळेपणी सांगू द्यावे, रकाने नंतर आखावेत, आणि ते त्यांच्याच शब्दांत त्यांना वाचून दाखवावेत. असे झाल्याविना पडताळणी हे नाव त्या क्रियेस शोभणार नाही.