चारुदत्ताचे मौन आणि पुराव्याची साखळी

१

‘मृच्छकटिका’च्या नवव्या अंकाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : चारुदत्त बोलत का नाही? वसंतसेनेच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आला आहे. आपण निरपराध आहो हे त्याला ठाऊक आहे. न्यायाधीशाच्या मनात त्याच्याविषयी आदर आहे. आणि तरीही तो अडखळतो, लाजतो आणि अखेर गप्प बसतो. या मौनाचे समर्थन कोणी नायकाच्या धीरप्रशांत प्रकृतीने करतात, कोणी दारिद्र्यातून आलेल्या वैराग्याने. तर दहाव्या अंकातील वध्यस्थानाचा प्रसंग साधण्यासाठी नाटककाराने केलेली ही सोय आहे, असे म्हणून कोणी मोकळे होतात. या तिन्ही उत्तरांत थोडेथोडे तथ्य आहे. परंतु चारुदत्ताने उत्तर देणे प्राप्त होते, ही गोष्ट तिन्ही उत्तरे गृहीत धरतात. ते खरोखरच प्राप्त होते काय, हा आधीचा प्रश्न आहे, आणि तो विचारल्यावाचून या अंकाचा अर्थ नीट लागत नाही असे मला वाटते.

हा प्रश्न मला माझा मी सुचलेला नाही. कुंभकोणमजवळ मरुदानल्लूर नावाचे गाव आहे. सद्गुरुस्वामींच्या मठामुळे दक्षिणेच्या भजनसंप्रदायात ते विख्यात आहे, आणि त्या संप्रदायाच्या भजनात मराठी अभंगांनाही मानाचे स्थान आहे. तेथील एका तंजावरी मराठी कुटुंबात काही संध्याकाळी आम्ही दोन ग्रंथ आळीपाळीने वाचले. यजमान ‘शिलप्पदिकारम्’मधील मदुरैकांड तमिळमधून वाचून समजावीत, आणि मी ‘मृच्छकटिका’च्या नवव्या अंकाचा माझा मराठी अनुवाद वाचून दाखवी. श्रोत्यांत फौजदारी वकिलीतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ होते. अंक संपल्यावर त्यांनी भाषेविषयी काहीच म्हटले नाही. त्यांनी एवढेच विचारले की, यात फिर्यादीचा पुरावा कोणत्या ओळीवर संपतो आणि बचाव कोणत्या ओळीपासून सुरू होतो? मी पाने चाळली. ती ओळ मला दाखविता आली नाही.

२

त्या प्रश्नामागे एक जुना आणि न्याय्य विचार आहे. आपल्या फौजदारी प्रक्रियेत सत्र न्यायालयापुढील खटला एका उंबरठ्यावर थांबतो. सरकारपक्षाचे साक्षीदार संपतात, आरोपीला पुराव्यातील गोष्टींविषयी विचारले जाते, आणि मग न्यायाधीशाने पाहावयाचे असते की, या माणसाने हा गुन्हा केला असे दाखविणारा काही पुरावा समोर आला आहे काय. नसेल तर तेथेच निर्दोष सोडावयाचे. असेल तरच आरोपीला बचाव देण्यास पाचारण करावयाचे. १९७३ च्या संहितेत हा नियम २३२ आणि २३३ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तो २५५ आणि २५६ या कलमांत आहे. या टप्प्यावर पुराव्याचे बारीक वजन करावयाचे नसते हे खरे. तथापि थांबून विचार करावयाचा असतो, हे महत्त्वाचे.

पुरावा परिस्थितिजन्य असला म्हणजे हे थांबणे अधिकच अवघड होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार खोटा आहे की खरा, एवढे ठरविले की पुरते. परिस्थितीचे तसे नसते. प्रत्येक गोष्ट खरी असून त्यांचा मिळून निघणारा अर्थ खोटा असू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्या, मूळ नागपूरच्या खटल्यात या धोक्याचा इशारा दिला. तो खटला बनावट दस्तऐवजाचा होता. पण तेथे सांगितलेले तत्त्व पुढे खुनाच्या असंख्य खटल्यांत वापरले गेले. १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्याच्या खटल्यात त्या तत्त्वाची पाच सूत्रे मांडली गेली. परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. ती केवळ अपराधाच्याच कल्पनेशी जुळणारी असावी. तिचे स्वरूप निर्णायक असावे. तिने अन्य प्रत्येक शक्यता वगळावी. आणि साखळी अशी पुरी व्हावी की निरपराधित्वाला वाजवी जागाच उरू नये. त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने ती पाचांहून मोलाची आहे : आरोपीचा बचाव खोटा ठरला तरी तो तुटक्या साखळीचा दुवा होऊ शकत नाही. साखळी आधी पुरी झालेली असेल तरच त्या खोटेपणाला काही वजन. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दोषी ठरवून देहान्ताची शिक्षा दिलेला आरोपी या विचाराने सुटला.

३

आता शूद्रकाच्या न्यायालयात जाऊ. फिर्याद आणतो शकार, राजाचा मेहुणा. न्यायाधीश आज ती ऐकणार नाही म्हणतो, आणि राजाला सांगून तुला काढवीन अशी धमकी मिळताच ऐकावयास तयार होतो. शकार सांगतो की, पुष्पकरंडक उद्यानात वसंतसेना गळा दाबून मारली गेली आहे. आणि कोणी विचारले नसता, ते कृत्य आपले नव्हे असेही बोलून जातो. लेखक ते शब्द टिपून घेतो. शकार पायाने पुसून टाकतो. द्रव्यासाठी खून झाला हे तुला कसे कळले, असा एक चांगला प्रश्न न्यायाधीश विचारतो. अंगावरील दागिन्यांच्या जागा रिकाम्या दिसल्या, असे उत्तर येते, आणि तो धागा तेथेच सुटतो.

मग पुरावा जमू लागतो. वसंतसेनेची आई सांगते की, मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. चारुदत्ताला मानाने आसन देऊन विचारतात, तेव्हा ती घरी गेली एवढेच तो सांगतो. केव्हा, कशी, कोणाबरोबर, हे त्याला सांगता येत नाही. वीरक वेगळीच तक्रार घेऊन येतो आणि तिच्या ओघात, चारुदत्ताची गाडी वसंतसेनेला त्या उद्यानाकडे नेत होती असे आपण ऐकल्याचे सांगतो. त्याला उद्यानात पाठवितात. श्वापदांनी विदारलेले एका स्त्रीचे शव तेथे आहे, असे तो येऊन सांगतो. शेवटी मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे अलंकार सर्वांसमक्ष खाली पडतात.

दुवे मोजले तर पाच भरतात : दारिद्र्य हा हेतू, अखेरची भेट, गाडी, प्रेत, दागिने. पण एकेक हाती घेऊन पाहावा. दारिद्र्य हे हेतूचे प्रमाण असेल तर उज्जयिनीतील अर्धे नगर आरोपी ठरेल. गाडीत कोण होते हे वीरकाने पाहिलेले नाही. पाहू लागताच त्याला लाथ बसली, हीच तर त्याची तक्रार. प्रेत स्त्रीचे आहे, कोणाचे आहे ते ठाऊक नाही. आणि ज्या उद्यानात ते सापडले ते राजाने शकाराला दिलेले आहे! ज्याच्या जागेत प्रेत, ज्याला प्रथम वार्ता, ज्याच्या तोंडून न विचारलेला नकार, त्याला एकही प्रश्न पुढे विचारला जात नाही. अन्य शक्यता वगळणे दूरच राहिले. फिर्यादीच्या पाटावर बसलेली शक्यता कोणाला दिसत नाही, किंवा दिसूनही बोलवत नाही.

उरले दागिने. हा एकच दुवा खरा जड आहे, आणि येथे माझ्या मताविरुद्ध एक सबळ आक्षेप येतो. जी गोष्ट विशेषेकरून आरोपीलाच ठाऊक आहे तिचा खुलासा त्याने करावा, असे पुराव्याचा कायदा म्हणतो. १८७२ च्या अधिनियमातील १०६ वे कलम हेच होते. २००६ मध्ये त्रिमुख मारोती किरकन यांच्या, महाराष्ट्रातीलच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घराच्या चार भिंतींआड मृत्यू झाला असता घरातील माणसाचे मौन हाही एक दुवा होऊ शकतो. ही भूमिका मला मान्य आहे. पण १९५६ मध्ये शंभुनाथ मेहरा यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बजावले होते की, फिर्यादीचे ओझे आरोपीच्या खांद्यावर टाकण्यासाठी हे कलम नाही. मरण पावलेली व्यक्ती कोण, हेच जेथे सिद्ध नाही तेथे मरणाचा खुलासा कोणी कोणाला मागावा? दागिने तिचे आहेत एवढे चारुदत्त कबूल करतो. आईने ते न ओळखल्याचे सांगून त्याला वाट करून दिली असताना कबूल करतो. ही सत्यनिष्ठा होय. अपराधाची कबुली नव्हे.

ते दागिने वसंतसेनेने लहानग्या रोहसेनाच्या मातीच्या गाडीत घातले होते. हे सांगणे सोपे होते; दरिद्री माणसाच्या तोंडी ते विश्वसनीय वाटले नसते, एवढेच. गाडीचा खुलासा मात्र सोपा नव्हता. त्या गाडीतून उद्यानात आला होता तुरुंग फोडून निघालेला आर्यक, आणि त्याला चारुदत्ताने अभय दिले होते. म्हणजे पूर्ण बचाव दिला असता तर राजा पालकाच्या न्यायालयात आर्यकाचा माग सांगावा लागला असता. नाटककार हे स्पष्ट बोलून दाखवीत नाही, पण सातव्या अंकानंतर नववा वाचणाऱ्याने ते विसरता कामा नये. निरपराध माणसाच्या मौनाला अशी कारणे असतात, आणि ती न्यायासनावरून दिसत नाहीत. म्हणूनच मौनाला दुवा करावयाचे नसते.

सर्वांत दुःखद गोष्ट ही की, न्यायाधीशाला हे शास्त्र ठाऊक आहे. अंकाच्या प्रारंभी तोच सांगतो की, वादाचे दोन भाग असतात : पक्षकारांच्या बोलण्यावरून ठरणारा आणि वस्तुस्थितीवरून ठरणारा, दुसरा भाग न्यायाधीशाच्या बुद्धीनेच सिद्ध व्हावयाचा असतो. आपले काम कोणते हे इतके नेमके सांगणारा माणस ते काम आरोपीवर सोपवितो. खरे बोल, असे त्यालाच धमकावतो. न्यायालय थांबत नाही, आणि म्हणून वकीलसाहेबांना हवी होती ती ओळ या अंकात सापडत नाही. आई शेवटी म्हणते की, वादी मीच आहे आणि माझी तक्रार नाही; तेही कोणी ऐकत नाही.

४

मदुरैकांडात तर न्यायालयच नाही. कोवलन विकावयास आणलेले नूपुर राणीच्या चोरीला गेलेल्या नूपुरासारखे दिसते. खरा चोर असलेला सोनार तसे राजाला सांगतो, आणि राजा वाटेतच मारण्याचा हुकूम देतो. आरोप चोरीचा, खुनाचा नव्हे. पण पुरावा त्याच जातीचा, वस्तू हाती सापडल्याचा. बचाव येतो तो वधानंतर. राणीच्या नूपुरात मोती होते, असे राजा सांगतो. कण्णगी आपले नूपुर फोडते आणि आतून माणके निघतात. एका प्रश्नाचे काम होते. तो प्रश्न वेळेवर न विचारल्याबद्दल राजा प्राण सोडतो आणि मदुरा जळते. हा ग्रंथ १८९२ मध्ये प्रसिद्ध करणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर त्या वेळी कुंभकोणमच्याच महाविद्यालयात शिकवीत होते, हे त्या संध्याकाळी आम्हांला यजमानांनी अभिमानाने सांगितले.

आणि मराठीत १९६७ साली रंगभूमीवर आलेले तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आहे. खेळातल्या त्या खटल्यात आरोप भ्रूणहत्येचा. साक्षी ऐकीव, एक तर कादंबरीतून वाचून दाखविलेली. आणि बेणारे गप्प झाली की तिचे गप्प होणे हाच पुरावा. तेथेही कोणी थांबत नाही. अभिनेत्याने आणि प्रेक्षकाने बेणारे का बोलत नाही हे विचारावे, तसेच तिला विचारण्याचा अधिकार कोणाला, हेही विचारावे.

५

शेवटी माझ्या स्वतःच्या अपराधाविषयी. दागिन्यांनंतर चारुदत्त एक वाक्य उच्चारतो आणि ते अर्धे सोडून, उरलेले हा शकारच सांगेल असे म्हणतो. माझ्या मसुद्यात मी ते वाक्य पुरे केले होते. मराठीत अर्धे वाक्य कानाला खटकत होते म्हणून. शिवाय त्या वाक्यातील ‘किल’ हा लहानसा शब्द पादपूरणार्थ समजून मी गाळला होता. वकीलसाहेबांनी संस्कृत पाहण्यास मागितले आणि शांतपणे सांगितले की, ही कबुली आरोपीने दिलेली नाही, ती अनुवादकाने लिहून घेतली आहे.

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कोशकारांनी ‘किल’चे दोन अर्थ दिले आहेत : वार्ता आणि संभाव्यता. चारुदत्ताविरुद्ध जे काही होते ते या दोहोंपलीकडे काहीच नव्हते. तो शब्द ठेवून चारुदत्त आरोपाचे पुरते वर्णन करतो, आणि वाक्य अर्धे सोडून तो पुरा करण्याचे काम ज्याचे त्याच्याकडे परत करतो. म्हणजे हे मौनही नव्हे. पुरावा अपुरा आहे, हे सांगण्याची ती त्याची रीत आहे. सुदैवाने मराठीला ‘म्हणे’ हा शब्द आहे, आणि तो ‘किल’इतकाच लहान व तितकाच नेमका आहे. मी आता तो घातला आहे आणि वाक्य अर्धे ठेवले आहे. वाचताना ते अजूनही खटकते. ते खटकले पाहिजे. कारण तेथे न्यायालयाने थांबावयास हवे होते, आणि ते थांबले नाही, तरी वाचकाने थांबावे.