पाणी भरून ठेवावे

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘विधान आणि गृहीतके’ नावाचं एक प्रकरण असतं. क्लासमध्ये त्याच्या युक्त्या सांगतात, मुलं त्या घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. मला मात्र हे प्रश्न निवांत वाचायला आवडतात. कुणीतरी एक वाक्य बोलून गेलेलं असतं. बोलणारा कोण, कुठला, त्याचं पुढे काय झालं, याचा पत्ता नाही. आणि बोलताना त्याने काय धरून चाललं होतं, तेवढंच आपल्याला ओळखायचं असतं. याच साच्यातला, मी जुळवलेला हा एक प्रश्न पाहा:

विधान: ‘उद्या सकाळी पाणीपुरवठा बंद राहील. रहिवाशांनी आजच पाणी भरून ठेवावे.’
गृहीतक १: रहिवाशांकडे पाणी साठवण्याची काही ना काही सोय आहे.
गृहीतक २: सर्व रहिवासी या सूचनेचे पालन करतील.
गृहीतक ३: पाणी न भरल्यास रहिवाशांची गैरसोय होईल.

उत्तर: १ आणि ३ अंतर्भूत आहेत, २ नाही.

पहिलं गृहीतक उलटवून पाहू. समजा, कुणाकडेच ना बादली, ना पिंप, ना टाकी. मग ‘भरून ठेवावे’ला अर्थच उरत नाही, सूचना जागच्या जागी कोसळते. म्हणजे गृहीतक विधानाच्या पोटात होतं. इतकं सोपं असूनही इथे हुशार मुलं चुकतात, आणि त्यांची चूक मला फार बोलकी वाटते. दहा बाय दहाच्या खोलीत, एका पिंपावर सहा माणसांचं भागवत वाढलेला मुलगा म्हणतो, सगळ्यांकडे कुठे सोय असते? त्याचं खरंच आहे. पण गृहीतक खरं आहे का, हे इथे कुणी विचारलेलंच नाही. सूचना लिहिणाऱ्याने ते धरलं होतं का, एवढाच प्रश्न आहे. धरलेली गोष्ट साफ खोटी असू शकते. जग बाजूला ठेवून फक्त बोलणाऱ्याचं डोकं वाचायचं, हे या प्रश्नाचं सगळ्यात अवघड मागणं. सोय नसलेल्या घरांचं काय, हे विचारायला मात्र पेपरात जागा नसते, आणि मला ती उणीव वाटते.

दुसऱ्या गृहीतकात सगळी गोम ‘सर्व’मध्ये आहे. चार घरांनी सूचना कानाआड केली तरी ती लावण्यात चूक काहीच नाही. तिथे ‘काही रहिवासी तरी पालन करतील’ असं असतं, तर उत्तर फिरलं असतं. कुणीच ऐकणार नाही अशी खात्री असलेला माणूस फळ्यापर्यंत जातोच कशाला? प्रश्न काढणाऱ्याने एका शब्दाने सूचना लावणाऱ्याला भाबडा ठरवून पाहिलं, आणि तो भाबडा नाही हे आपण ओळखायचं.

तिसऱ्याला अनेकजण निष्कर्ष समजून सोडून देतात. पाणी भरलं नाही, गैरसोय झाली: क्रम पाहिला तर गैरसोय नंतरच येते. पण गैरसोयीची धास्ती सूचनेच्या आधीची आहे. तिच्यामुळेच तर सूचना लिहिली गेली. घटनेचा क्रम आणि विचाराचा क्रम इथे उलटे चालतात, म्हणून प्रश्नाच्या रचनेत हे गृहीतक मला सर्वांत सुबक वाटतं.

आणि न छापलेली गृहीतकं? आज नळाला पाणी येणार आहे, हे तर विधानाचा कणाच. शिवाय पाणी जाण्याआधी सूचना कुणाच्या तरी नजरेस पडेल, हेही.

या उलटवून पाहण्याला आपल्याकडे जुनं घराणं आहे. मीमांसकांच्या ठरलेल्या उदाहरणातला देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. तसं मानलं नाही, तर दिसणाऱ्या गोष्टीचा मेळच बसत नाही. मीमांसकांनी याला ‘अर्थापत्ती’ म्हणत वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं स्वतंत्र साधन, मानलं; नैयायिकांनी ते अनुमानातच बसवलं. गंमत अशी की देवदत्त आजच्या पेपरात आला, तर ‘रात्री जेवतो’ हा निष्कर्ष ठरेल, आणि गृहीतक म्हणून खूण करावी लागेल ती ‘न जेवता कुणी लठ्ठ राहत नाही’ या वाक्यावर. त्यावर आजचा एखादा डॉक्टर हरकत घेईल, ते वेगळं.

पुन्हा आजच्या पेपरांकडे येऊ. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ पासून सीसॅट हा कल तपासणारा पेपर आला, राज्य आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०१३ पासून. केंद्राच्या पेपरात दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे एकेकाला दीड मिनिट, आणि चुकलं की एक तृतीयांश गुण वजा. तिथे गृहीतकं उताऱ्यांच्या आडून येतात: आधी शेतीवर किंवा हवामानावर जडशीळ परिच्छेद, मग लेखकाने काय धरलंय ते सांगा. मला ते प्रश्न कमी भावतात. उताऱ्याचा लेखक इतकं बोललेला असतो, की न बोललेल्याला वावच राहत नाही.

राज्य आयोग परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका जाहीर करतो आणि हरकती मागवतो. कधी उत्तर बदलतं, कधी प्रश्नच रद्द होतो. गृहीतकाच्या प्रश्नावर हरकत घेणाऱ्याला मग एक जास्तीचं काम करावं लागतं. विधान करणाऱ्याने काय धरलं होतं हे तर मांडायचंच, पण उत्तर ठरवताना प्रश्न काढणाऱ्याने स्वतः काय धरलं, तेही दाखवून द्यायचं. ‘सर्व रहिवासी’ हे सूचनेत नव्हतं, पर्यायात तुम्ही घातलंत, असं तिथे पुराव्यानिशी लिहावं लागतं.