मराठी काव्यांतील ख्रिस्त : चरित्र आणि शिकवण

ख्रिस्ताच्या चरित्राचें चिंतन हा ख्रिस्ती भक्तीचा प्राण होय. गोठ्यांतील जन्म, वधस्तंभावरील मरण आणि तिसऱ्या दिवशींचें पुनरुत्थान या प्रसंगांभोंवतीं त्या भक्तीचें सारें वर्ष फिरत असतें. परंतु चरित्र आळविणें सोपें आणि शिकवण पाळणें कठीण. म्हणून कथेच्या गोडींत शिकवण मागें पडण्याचा धोका प्रत्येक भक्तिपंथास असतो. फादर थॉमस स्टीफन्स आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक या दोन ख्रिस्तभक्त कवींचें काव्य शेजारीं ठेवून वाचलें असतां हा धोका किती खरा आहे तें कळून येतें.

स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. कॅथलिकांचा छळ होत असलेली मायभूमि सोडून तो १५७९ सालीं गोव्यास आला आणि पुढील आयुष्याचा बहुतेक काळ त्यानें साष्टींत घालविला. त्याचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. देवनागरी लिपींत तें छापून निघण्यास मात्र १९५६ साल उजाडावें लागलें. ग्रंथ सुमारें अकरा हजार ओव्यांचा. परदेशी माणसानें आमची ओवी इतक्या सहजपणें चालवावी, आमच्या भाषेचें मनापासून स्तवन करावें, स्वर्गास वैकुंठ म्हणावें, हें पाहून कोणाहि मराठी वाचकाचें मन भरून येईल. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं. त्यांची कथाश्रवणाची भूक भागावी म्हणून हें पुराण रचलें, असा खुलासा ग्रंथांतच आहे. पुराणाचा साचा घेतला म्हणजे त्याची मांडणीहि आलीच: विश्वाची उत्पत्ति, आदामाचें पतन, तारकाची प्रतीक्षा, त्याचा जन्म, चमत्कार, यातना आणि विजय. त्यामुळें येथें येशू भेटतो तो मुख्यतः मुक्ति देणारा स्वामी म्हणून.

पण तीं जुनीं पुराणें सुटलीं कशानें? साष्टींतील देवळें १५६७ सालीं राजसत्तेच्या बळावर पाडण्यांत आलीं. १५८३ सालीं कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेझुइटांना व त्यांच्या सोबत्यांना ठार केलें. पुढें पोर्तुगीजांनीं गांवच्या पुढाऱ्यांना बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून त्यांचा वध केला. शत्रूवर प्रेम करा असें सांगणाऱ्या गुरूचें पुराण याच भूमींत गाइलें जात होतें. यावरून स्टीफन्सची भक्ति खोटी ठरते असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. छळाची झळ काय असते हें त्याला ठाऊक होतें, आणि त्याच्या ओवींतील करुणा अस्सल आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, विजयी स्वामीची कथा सत्तेला सहज मानवते. मारणाऱ्यापुढें दुसरा गाल करावयास सांगणारा गुरु तिला अडचणीचा होतो.

टिळकांना ख्रिस्त भेटला तो दुसऱ्या वाटेनें. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांना नवा करार दिला. तो वाचतां वाचतां ते डोंगरावरील प्रवचनाशीं आले, आणि त्या तीन अध्यायांनीं त्यांना जिंकलें. शिकवण आधीं पटली, चरित्र मागाहून प्रिय झालें. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. राज्य ख्रिस्ती लोकांचें होतें खरें. परंतु टिळकांच्या वांट्याला आला तो आप्तांचा रोष आणि पत्नीचा कित्येक वर्षांचा विरह. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ मध्यें ही किंमत वाचकांनीं पाहिलीच आहे. तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्ताकडे आलों अशी टिळकांची भावना होती, आणि अभंगांत त्यांनीं त्याला गुरु व माउली या नात्यांनीं हांक मारली. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाहि जागा होती. शिकवणीला अनुसरूनच हें वर्तन घडलें.

टिळकांच्या काव्यांत उणें नाहीं असें नव्हे. स्टीफन्सपाशीं असलेला विश्वव्यापी पट त्यांच्या अभंगांत नाहीं. कधीं कधीं सारा ख्रिस्त एका भक्ताच्या हृदयाएवढाच उरतो. त्यांनींहि ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें होतें. तें अपुरें राहिलें व लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. तथापि मराठी ख्रिस्ती उपासनेंत आजहि मुखीं आहेत तीं त्यांचीं लहान लहान पदेंच. कथा ऐकणाऱ्याचें मन निवतें. अभंग म्हणणाऱ्याला मात्र ‘मी’ म्हणावें लागतें, आणि ‘मी’ म्हटलें कीं आचरणाचा प्रश्न टाळतां येत नाहीं.

हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती वाचकांचा आहे असेंहि कोणीं समजूं नये. ज्ञानोबांनीं भिंत चालविल्याची गोष्ट आमच्या घरोघर मुलांना कौतुकानें सांगितली जाते. दुष्टांची दुष्टबुद्धि जावो, असें मागणाऱ्या त्याच ज्ञानोबांचें पसायदान आम्ही रोज म्हणतों. भिंतीची गोष्ट ऐकून मूल विस्मित होतें, तें योग्यच आहे. पसायदान म्हणून उठलेले आम्ही आपल्या वैऱ्याशीं त्या दिवशीं कसे वागतों, यावरूनच आमच्या भक्तीची परीक्षा व्हावयाची.