सोपे इंग्रजी, अवघड अकरावी

दहावीला इंग्रजीत साठ-सत्तर गुण मिळवलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी अकरावी विज्ञान शाखेत जातो आणि पहिल्याच महिन्यात भौतिकशास्त्राच्या पुस्तकापुढे अडखळतो. पनवेलमध्ये शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे नवीन नाही. मुलाला त्यातले विज्ञान कळते. त्याचे अडते ते वाक्यापाशी. मग त्याचे दहावीचे गुण खोटे होते काय? नाही. ते गुण खरेच होते, पण ते वेगळ्याच कामाचे होते. पाठ केलेले उत्तर बिनचूक उतरवणे हे ते काम. न पाहिलेला मजकूर स्वतः वाचून त्यावर विचार करणे हे काम त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

महाराष्ट्रात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकवत. २००० सालापासून ती पहिलीपासून सुरू झाली. म्हणजे आज दहावीला बसणारे मूल दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. ही दहा वर्षे जातात कोठे, हे पाहण्यासाठी नववीचा एक तास डोळ्यांसमोर आणावा. शिक्षक परिच्छेद वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, फळ्यावर उत्तरे लिहितात. मुले ती वहीत उतरवतात. वाचन शिक्षकांचे, अर्थ शिक्षकांचा, उत्तरही शिक्षकांचे! मुलांच्या वाट्याला फक्त हस्ताक्षर येते.

याचा दोष एकट्या शिक्षकाला देणे अन्यायाचे होईल. पनवेलच्या एकाच वर्गात घरी आगरी बोलणारी मुले असतात, ठाकूर-कातकरी वाड्यांवरची असतात, कळंबोली-कामोठ्यात देशावरून किंवा उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांतली असतात. काहींना मराठीच दुसरी भाषा. वर्ग मोठा, अभ्यासक्रम संपवायचा, आणि कोणी मागे राहू नये ही कळकळ. त्या कळकळीतूनच शिक्षक सगळे सोपे करून देतो. आमचा आक्षेप त्या कळकळीवर नाही. मुलाचे काम आपण केल्याने मुलाला मदत होते, या समजुतीवर आहे.

यावर दुसरा उपाय सुचवला जातो तो असा: वर्गात मराठी बंद करा, मोठे शब्द द्या, निबंध लांब करा. हाही तितकाच सदोष आहे. वाचनाच्या अभ्यासकांनी या बाबतीत मोजमाप केले आहे. हू आणि नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की कोणाच्याही मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द वाचकाला ठाऊक असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी चालतो. त्याआधी १९८९ मध्ये लाउफर यांनी ९५ टक्के ही मर्यादा सांगितली होती. शिक्षक सोबत असताना यापेक्षा कमी चालेल. पण शंभरात वीस शब्द अनोळखी असतील, तर ते आव्हान राहत नाही, भिंत होते. प्रत्येक शिक्षकाने हे स्वतः मोजून पाहावे. पाठातले शंभर शब्द घ्यावेत आणि मुलांना अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे.

बंगळूरचा प्रयोग

अवघडपणा किती असावा, या प्रश्नावर आपल्याच देशात एक मोलाचा प्रयोग झाला. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूर, मद्रास अशा ठिकाणच्या साध्या शाळांत तो केला. पुढे १९८७ मध्ये प्रभूंनी त्यावर पुस्तकही लिहिले. त्यांची कल्पना साधी होती. मुलाचे लक्ष भाषेवर नसून एखादे कोडे सोडवण्यावर असेल, तर भाषा अधिक पक्की होते. म्हणून त्यांनी वर्गात नकाशे, वेळापत्रके, तक्ते आणले. आधी एक काम शिक्षकाने सर्वांसमक्ष, मोठ्याने विचार करीत सोडवायचे. मग तसेच दुसरे काम मुलाने एकट्याने करायचे. आणि अवघडपणाची कसोटी ही: निदान निम्म्या वर्गाला निदान निम्मे काम जमले, तर ते काम योग्य. सगळ्यांना सगळे जमले तर ते फार सोपे.

हे आपल्याकडे सहज करता येते. पनवेल हे जंक्शन. इथून मुंबईला लोकल जाते, ठाण्याला जाते. दिवा, कर्जत आणि कोकणाकडेही गाड्या जातात. इंग्रजी वेळापत्रकाचे एक पान घ्यावे. ‘एका गृहस्थांना दहाच्या आत ठाण्याला पोचायचे आहे आणि वाटेत वाशीला अर्धा तास काम आहे, त्यांनी कोणती गाडी धरावी आणि का?’ इथे ‘का’ महत्त्वाचा. उत्तर वेळापत्रकात छापलेले नाही, ते काढावे लागते.

विज्ञानाचा मजकूरही असाच वापरता येतो. पनवेल-उरणच्या खाडीकाठी मिठागरे होती, हे मुलांनी घरच्यांकडून ऐकलेले असते. उधाणाचे पाणी आत घेणे, ते साठवणे, उन्हाने ते आटवणे, शेवटच्या वाफ्यात मीठ धरणे, या क्रियांवर सहा सोपी इंग्रजी वाक्ये लिहून उलटसुलट करावीत. मुलांनी ती क्रमाने लावावीत. मग विचारावे: जुलैत मीठ का पिकवत नाहीत? बाष्पीभवनाची संकल्पना मुलाला मराठीतून आलेली आहे; आता त्याला ‘बिकॉज’ आणि ‘देअरफोर’ यांची गरज लागते. अकरावीच्या पुस्तकात मुलांना अडवतात ते ‘एव्हॅपोरेशन’सारखे पारिभाषिक शब्द नव्हेत, कारण त्यांची व्याख्या तिथेच दिलेली असते. अडवतात ते ‘व्हेअरॅज’, ‘प्रोव्हायडेड’, ‘अनलेस’ असे जोडणारे शब्द. त्यांचा अर्थ पाठ करून येत नाही, तर्क करता करता येतो.

प्रभूंचे कोठे पटत नाही

प्रभूंची पद्धत जशीच्या तशी उचलावी असे आमचे म्हणणे नाही. बेरेटा आणि डेव्हिस यांनी १९८५ मध्ये या प्रयोगाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यात ढोबळमानाने असे दिसले, की प्रयोगातली मुले अर्थग्रहणात पुढे होती, तर नेहमीच्या वर्गातली मुले व्याकरणरचनेच्या चाचणीत सरस होती. ज्यांना दहावीच्या परीक्षेला बसायचे आहे त्यांच्या बाबतीत हा फरक दुर्लक्षून चालणार नाही. आठवड्यातून एखादा तास रचनेसाठी राखावाच लागेल.

आमचा मोठा आक्षेप निम्म्या वर्गाच्या कसोटीवर आहे. उरलेला निम्मा वर्ग कोणता? रोज तीच मुले मागे राहत असतील, तर कसोटी पुरी होते आणि अन्यायही होतो. म्हणून किती मुलांना जमले एवढ्याच नोंदीवर न थांबता कोणाला जमले हेही लिहावे. एकच नाव तीन वेळा मागे दिसले, की त्या मुलाला आधार द्यावा.

हा आधार कसा असावा? वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये यासाठी इमारतीच्या परांचीची उपमा वापरली. सिडकोच्या वसाहती उभ्या राहताना पाहिलेल्या पनवेलकरांना ती समजावून सांगायला नको. परांची भिंतीसाठी बांधतात आणि भिंत उभी राहिली की काढतात. गाइड ही अशी परांची आहे, जिच्या आत भिंत बांधलीच जात नाही. खरा आधार म्हणजे आधी दिलेले पाच शब्द, वाक्याची लिहून दिलेली सुरुवात, मराठीत किंवा आगरीत आपसात विचार करण्याची मुभा. काम तेच ठेवावे, आधार कमी-जास्त करावा. हुशार मुलाला अवघड आणि कच्च्या मुलाला सोपे काम दिले, तर वर्षअखेर दरी वाढलेली दिसते. आणि आधार काढायचा दिवसही ठरलेला हवा: आज वाक्याचा अर्धा भाग दिला, तर पुढच्या पंधरवड्यात पहिला शब्दच द्यावा.

‘परीक्षेला याचा काय उपयोग?’ हा प्रश्न येणारच. दहावीच्या कृतिपत्रिकेत पाठ्यपुस्तकाबाहेरचे उतारे असतात, आणि ते कोणत्याही गाइडात सापडत नाहीत. शिवाय परीक्षा एका दिवसाची असते. अकरावी-बारावीची दोन वर्षे मुलाला एकट्याने वाचायचे असते. आठवड्यातला एकच तास तरी असा द्यावा, की ज्यात फळ्यावर उत्तर लिहिले जाणार नाही. सुरुवातीला वर्ग गप्प बसेल. त्या शांततेत खडू हाती न घेणे, हे आपल्यापुढचे आव्हान आहे.