अंतःकरणाची झडती

धार्मिक दंभ म्हणजे इतरांच्या डोळ्यांत टाकलेली धूळ, असे सामान्यतः मानण्यात येते. हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) या कादंबरीत त्याचे अधिक सूक्ष्म रूप दिसते.

सतराव्या शतकातील बॉस्टनचा ख्रिस्ती धर्मोपदेशक डिम्सडेल आपले पाप लपवितो. आत्मपरीक्षणात मात्र तो कसूर करीत नाही. तो उपवास करतो, रात्री जागवितो, स्वतःस फटके मारतो. व्यासपीठावरून तो स्वतःस महापापी म्हणवितो. पण कोणते पाप, ते सांगत नाही. श्रोत्यांस तो विनय वाटतो व त्याची कीर्ति वाढते. ती वाढणार, हे त्यास पक्के ठाऊक असते! मध्यरात्री तो शिक्षेच्या चौथऱ्यावर उभाही राहतो; परंतु उद्या दुपारी येथे उभा राहशील काय, असे चिमुकली पर्ल विचारते, तेव्हा नकार देतो.

कादंबरीचे मर्म आम्हांस येथेच दिसते. हेस्टर सात वर्षे एकटीच छातीवर कलंकाचे अक्षर वागविते. त्याच्या एकांतातील अश्रूंनी तिचा भार तिळभरही हलका होत नाही. अखेर भर दिवसा तो तिच्या आधाराने चौथरा चढतो, आणि तेथेच मरतो. हा शेवट आम्हांस थोडा सोयीचा वाटतो. उजेडात एकदा उभे राहण्यापेक्षा उजेडात रोज राहणे कठीण. तथापि कसोटी लेखकाने अचूक दिली आहे: आपण केलेल्या झडतीने दुसऱ्या कोणाचे ओझे उतरले काय?